एल्सीबाईंची पुनव

एल्सीबाईंकडे कामाला लागले त्याच दिवशी मी चहावरून बोलणी खाल्ली. मी डावखुरी. साखर घालून चमचा फिरवला की तो माझ्या हातून आपसूक उलटा फिरतो. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. पुढे आल्या आणि माझं मनगट धरून त्यांनी चमचा थांबवला.

"असा नाही. सूर्य जातो तसा."

मला काही कळेना. मग त्यांनी माझा हात धरूनच चमचा फिरवून दाखवला. देवळाला प्रदक्षिणा घालतात त्या बाजूने.

"उलटं ढवळायचं ते काही संपवायचं असेल तेव्हा. ताप, भांडण, खोकला. बिचाऱ्या चहाने तुझं काय बिघडवलंय?"

त्या रागावल्या होत्या की चेष्टा करत होत्या, ते मला समजलं नाही. पुढेही कधी नीट समजलं नाही.

आमची बोलायची भाषा म्हणजे खिचडी होती. त्यांचं इंग्रजी, माझं मोडकं इंग्रजी, मधूनच हिंदी, आणि उरलेलं हातवारे. इथे मी ते सगळं मराठीत लिहिते आहे. मला तसंच आठवतं. बाईंचा आवाजसुद्धा मला आता मराठीतच ऐकू येतो.

घर ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबमध्ये, जुन्या सूकच्या म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत. गच्चीवर गेलं की समुद्र दिसायचा. बाईंचे चिरंजीव मार्टिनसाहेब एका कंपनीत इंजिनिअर होते. नवरा गेल्यावर बाई इंग्लंडहून त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या केसांची कमरेपर्यंत वेणी, पायात पुरुषी चपला. घरातल्या वस्तूंशी त्या माणसांसारख्या बोलत. कुलूप अडलं की त्याला "प्लीज" म्हणत. अंगणातल्या लिंबाच्या झाडाला आधी दोन बोटांनी टकटक करत, मगच लिंबू तोडत. एकदा मी घाईत तसंच लिंबू तोडलं, तर माझ्या वतीने त्यांनी झाडाची माफी मागितली आणि वर मला म्हणाल्या, "तुझी घाई त्याला ठाऊक आहे. त्याने मनावर घेतलेलं नाही."

दर पुनवेला दिवस मावळायच्या सुमारास बाई एकट्या गच्चीवर जात. मी वाळत घातलेले कपडे काढायला जायची तेव्हा दिसत. चंद्राकडे तोंड करून उभ्या, ओठ हलताहेत, आणि उजवा हात थोडा बाजूला काढलेला, पंजा उघडा. कुणीतरी येऊन तो धरील, अशा बेताने. बराच वेळ हात तसाच राही. मग त्या तो मिटून घेत, पदर सावरावा तशी अंगावरची शाल सावरत आणि खाली येऊन विचारत, "आज भाजी काय?"

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, हात असा का धरता?"

"सवय. माझ्या डोक्यात अजून माणसं आहेत. आम्ही गोल उभे राहायचो, हात धरून. एका माणसाचा गोल होत नाही, सुमन. कमीत कमी दोघं लागतात."

हे बोलताना त्या लसूण सोलत होत्या. आवाजात रडगाणं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला ठाऊक झालं, की या बाईंना या घरात सगळं आहे आणि ते एक नाही.

आमचं एकच भांडण झालं, ते केरसुणीवरून, आणि तेही न बोलता. सूकमधून त्यांनी खजुराच्या पातीची झाडू आणली होती. ती त्या दाराशी उभी करून ठेवत, पाती वर, मूठ खाली. आमच्याकडे केरसुणी उभी ठेवत नाहीत. ती लक्ष्मी. ती आडवी, कोपऱ्यात, कुणाचा पाय लागणार नाही अशी ठेवायची. मी सकाळी ती आडवी करायची. दुपारपर्यंत ती पुन्हा उभी. संध्याकाळी आडवी. सकाळी उभी. असं कितीतरी दिवस चाललं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि कुणी हार मानायची नाही.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मी माझ्या खोलीत पाटावर नवी केरसुणी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. बाई बाहेरून जात होत्या, त्या दारातच थबकल्या. पायातल्या चपला काढून आत आल्या आणि खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या.

"तुम्ही हिची पूजा करता?"

"वर्षातून एकदा."

"गावात सगळेच करतात? उघडपणे?"

"सगळेच. त्यात लपवायचं काय?"

त्यांनी केरसुणीवरच्या फुलाला हलकेच बोट लावलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे केरसुणी जवळ असण्यावरून बायकांची चेष्टा होते. आणि पूर्वी नुसत्या चेष्टेवर भागत नव्हतं." मला अर्थ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दाराशी झाडू स्वतःच आडवी ठेवली. मी मात्र दुपारी ती त्यांच्यासाठी उभी करून ठेवली. ते बघून बाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

मार्टिनसाहेबांच्या खोलीत एक कपाट होतं, त्यात एकाच माणसाने लिहिलेली पुस्तकं होती. पुस्तकांच्या पाठीवर फोटो, एक तरुण बाई, केस मोकळे, डोक्यावर रानफुलं. डोळे तेच, एल्सीबाईंचे. माझं शिक्षण चौथी, तेही मराठीत, म्हणून वाचायचा प्रश्न नव्हता. साहेबांनी मला एवढं सांगितलं, की आईचा धर्म निराळा आहे, नवा आहे, चंद्र, झाडं, ऋतू, एक देवी आणि एक देव असा. कुणाचं वाईट करायचं नाही, हा त्यातला मोठा नियम. पूर्वी हे लोक दारं लावून, निवडक माणसांतच जमायचे. आईने ते सगळं पाककृतीच्या पुस्तकासारखं सोपं करून लिहिलं, मग कुणीही आपल्या घरात, खिडकीशी बसून करायला लागलं. हजारो माणसं. "पण इथे ते बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "जादूटोणा म्हटलं की लोकांचा गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. आई बाहेर असलं काही करणार नाही, एवढं तू बघ."

मी बाईंना विचारलं, "तुमच्या पुस्तकातलं सगळं जुनं आहे का?"

"थोडं जुनं. थोडं मित्रांचं. बरंचसं मी बटाटे सोलताना रचलं."

"मग लोक ते मानतात कसे?"

"मलाही तेच कोडं आहे," त्या म्हणाल्या. "आणि बटाटेही चांगले झाले होते."

एकदा परदेशातून एक बाई आली. मस्कतला विमान बदलायचं होतं, तेवढ्या वेळात टॅक्सी करून आली. दारातच तिने एल्सीबाईंचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. तुमच्या पुस्तकाने मला जगवलं, असं काहीतरी म्हणत होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती बाईंच्या पायाशी जमिनीवर बसलेली. एल्सीबाई अगदी अवघडून गेल्या होत्या. त्यांनी तिला टोस्ट खायला लावला, तिच्या सुजलेल्या दाढेची चौकशी केली, इथला खजूर कुठला चांगला ते सांगितलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "बघ, ती एवढं अंतर कापून आली आणि तिला माझ्याबरोबर गच्चीवर हात धरून उभं राहायला वेळ नव्हता. फोटो काढायला मात्र होता."

थंडीत एकदा साहेब आम्हाला रुस्ताकला घेऊन गेले. तिथे गरम पाण्याचा झरा आहे. बाईंनी पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून बसल्या. वाफेत त्यांचा चेहरा दिसायचा आणि जायचा. नंतर तिथल्या सूकमध्ये एक म्हातारी ओमानी बाई सुकी पानं, मुळं, धुपाचा लुबान असलं विकायला बसली होती. एल्सीबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ती एक मूळ हुंगायला द्यायची आणि पोटाकडे बोट करायची. बाई दुसरं पान चोळून तिच्या नाकाशी धरायच्या आणि कपाळाकडे बोट करायच्या. मधेच दोघी एकदम हसल्या, कशावर ते त्यांनाच ठाऊक. साहेब गाडीचा हॉर्न वाजवून थकले. परतीच्या वाटेवर बाईंच्या ओंजळीला कसला तरी रानाचा वास येत होता, आणि डोंगर मागे जात होते, आणि मला उगाचच वाटलं, की मी कुणाच्या तरी स्वप्नात बसून चालले आहे.

माझा भाऊ बाळदादा मस्कतच्या गाला भागात एका गॅरेजात गाड्यांच्या डेंटिंगचं काम करतो. शुक्रवारी मला भेटायला येतो. एका शुक्रवारी तो तोंड पाडून आला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात बाईंचा तरुणपणीचा फोटो.

"सुमन, ह्या बघ. तुझी बाई विच असा. विच म्हणजे काय म्हायती आसा तुका? चेटकीण!"

"कोणी सांगितलं?"

"तिनाच सांगल्यान! हयसर लिवला हा. आपल्या तोंडान सांगता, मी विच म्हणान. सोड ह्या घर. यल्ला, चल, सामान भर. माझ्या अर्बाबाच्या, मालकाच्या घराक बाई होयीच आसा."

मी सामान भरलं नाही. पण रात्रभर मला झोपही आली नाही. कारण तो शब्द आमच्या घरात होता. माझी शेवंतीमावशी. तिला झाडपाला कळायचा. गावात कुणाची गाय मेली, कुणाचं मूल आजारी पडलं, आणि बोट तिच्याकडे वळलं. भुताळीण म्हणाले. तिच्या विहिरीचं पाणी कुणी भरेना. आम्हा पोरांना तिच्या अंगणात जायची बंदी होती. ती गेली ते दोन दिवस कुणाला कळलंही नाही. त्यानंतर आमच्या घरात तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर उभी राहिले. कधी नव्हे तो माझा आवाज चढला. "बाई, त्या नावापायी आमच्याकडे बायका मरतात. तुम्ही ते फुलासारखं डोक्यात का घालता?"

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी तो शब्द घेतला, कारण वाटलं, पुष्कळ जणींनी हसत हसत तो घेतला तर त्यातलं विष जाईल. माझ्या देशात थोडं गेलंही. पण मला कुणी दगड मारले नाहीत, सुमन. मला टीव्हीवर बोलावलं. तुझ्या मावशीसारख्यांवर मी पानंच्या पानं लिहिली, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं. काय नाव तिचं?"

"शेवंती."

"शेवंती," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. उच्चार अगदी बरोबर यावा म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मग विचारलं, "तुमच्याकडे गेलेल्या माणसासाठी देवाकडे मागायचं असेल तर कसं मागतात?"

मी त्यांना गाऱ्हाणं सांगितलं. आमच्या कोकणात देवळासमोर एक जण मोठ्याने देवाला हाक मारतो, सगळ्यांची दुखणी, मागणी सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं, व्हय म्हाराजा. बाईंना हे फार आवडलं. पुढे कित्येक दिवस त्यांनी मला आणि साहेबांना सळो की पळो केलं. "बाई, जेवायला वाढू?" "व्हय म्हाराजा!" "आई, गोळी घेतलीस का?" "व्हय म्हाराजा!"

"गाऱ्हाणं तू म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. पुरुष म्हणतात. बायका मागे उभ्या राहतात."

"अच्छा," एवढंच म्हणाल्या.

त्या थंडीतच साहेबांचं इथलं काम संपलं. त्यांना दुसऱ्या देशात जायचं होतं, आणि बाईंना इंग्लंडला, म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत. बाईंनी ते शांतपणे ऐकलं. फक्त तिथली माहिती साहेब वाचून दाखवत होते तेव्हा एकदाच विचारलं, "मेणबत्ती लावू देतात?" देत नव्हते. आगीची भीती.

जाण्याआधी एक पुनव येत होती. बाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"सुमन, मी तुला कधी काही धर्माचं करायला सांगितलं नाही. आताही सांगत नाही. पण या पुनवेला समुद्रावर माझा हात धरून उभी राहशील? मेणबत्ती नाही, काही नाही. तुझ्या देवाचं नाव घे. नाहीतर गप्प उभी राहा. तिथे गेल्यावर मला कुणी मिळणार नाही."

मी लगेच हो म्हटलं नाही. माझा व्हिसा साहेबांच्या हातात होता आणि साहेबांनी मला बजावलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर भीती ती नव्हती. भीती होती, की हात धरल्यावर मी कोण होईन. पण मग मला गच्चीवरचा तो उघडा पंजा दिसायला लागला. भांडी घासताना, कणीक मळताना, सारखा.

साहेबांना सांगितलं, बाईंना समुद्रावर फिरवून आणते. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "फक्त फिरायला ना?" मी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली, ते मलाही सांगता येणार नाही.

बाळदादाच्या पिकअपमधून गेलो. तो सगळी वाट पुटपुटत होता. आम्हाला उतरवून तो करक म्हणजे कडक दुधाच्या चहाच्या गाडीवर जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. दिवस मावळतीची, मगरीबची बांग नुकतीच होऊन गेली होती. वाळूत चटया टाकून कुटुंबं बसली होती, मुलं फुटबॉल खेळत होती. आम्हा दोघी बायकांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मागे आकाश अजून तांबूस आणि पुढे समुद्रातून चंद्र वर येत होता, एवढा मोठा, भिजल्यासारखा. कोळ्यांच्या होड्या त्याच्यावर काळ्या दिसत होत्या.

बाईंनी हात बाजूला काढला. मी तो धरला. हलका होता, सुकलेल्या पानासारखा, आणि गरम. त्यांनी आपलं काहीतरी हळू म्हटलं, ते मला कळलं नाही आणि कळायची गरजही वाटली नाही. मग त्या गप्प झाल्या. माझ्या लक्षात आलं, की त्या वाट बघताहेत.

मी आयुष्यात कधी चार माणसांत तोंड उघडलेलं नाही. पण माझा आवाज निघाला. गावच्या पुरुषांसारखा खडा नाही, माझाच.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या गावापासून लांब, दर्याच्या ह्या अंगाक उभी रवान मी तुका हाक मारतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाई ओरडल्या. जवळची दोन पोरं वळून बघायला लागली.

"ही म्हातारी आता आपल्या मुलखाक जाताहा. तिची वाट सरळ कर, तिका एकटा पडाक देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमची शेवंती, जिका लोकांनी नको तां नाव दिल्यानी, जी एकटीच जगली नि एकटीच गेली, तिका तुझ्या पायाकडे जागा दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर मागून आणखी एक आवाज आला. जाड, घोगरा.

बाळदादा होता. हातात कागदी कप, चहा तसाच. तो आमच्याकडे बघत नव्हता, चंद्राकडे बघत होता. लहानपणी शेवंतीमावशीच्या अंगणातल्या करवंदांच्या टोपलीसाठी आईचा मार खाणारा तोच. बाईंनी काही न बोलता आपला दुसरा हात त्याच्यापुढे केला. त्याने कप वाळूत रोवला, हात शर्टाला पुसला, पुन्हा पुसला, आणि दिला. मग दुसरा मला दिला. आम्ही तिघं गोल उभे राहिलो.

किती वेळ, ते मला ठाऊक नाही. लाटा पायापर्यंत येत होत्या.

दोन दिवसांनी पहाटे साहेब त्यांना विमानतळावर घेऊन गेले. तेव्हाही मी त्यांना पाहिलं, पण ते पाहिलेलं मला धड आठवत नाही, सगळं सामान आणि गडबड. मला आठवतं ते समुद्रावरचंच. मुलांचा फुटबॉल घरंगळत आमच्या मधोमध आला आणि थांबला. पोरं लांब उभी राहिली, या लोकांना हाक मारावी की नाही, अशी. बाईंनी बॉलकडे पाहिलं, शाल खोचली आणि अशी लाथ मारली, की बॉल पोरांच्या डोक्यावरून गेला आणि चप्पल समुद्रात. पोरं ओरडली. बाळदादा पँट भिजवत चपलेमागे पाण्यात धावला. बाई एका पायावर डुलत होत्या, पडतील म्हणून मी त्यांचा हात घट्ट धरलेला, आणि त्या चंद्राच्या उजेडात पोरांना ओरडून सांगत होत्या, "यल्ला, इकडे! पुन्हा इकडे!"